चिखल्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘तू डॉक्टर आहेस, तर वीस मिनिटं आरोग्यावर बोल,’ असं आपल्या संयोजकांनी मला फोनवर सांगितलं. हृदयविकार, रक्तदाब असा काहीतरी भारदस्त विषय त्यांच्या मनात असणार. मी म्हटलं, ‘चिखल्यांवर बोलते.’ पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच म्हणाले, ‘अगं, पण तुझं भाषण जेवणाच्या आधी आहे.’

तर मंडळी, जेवणाची आधीच माफी मागते. पण विषय मी बदललेला नाही, आणि का नाही ते थोड्या वेळात कळेल.

आपल्या वर्गात चिखल्या कोणाला माहीत नव्हत्या? लावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग पहाटे तरवा काढून, चिखलातून तसाच शाळेत यायचा. पायात चपला असणाऱ्यांची संख्या मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती. पायऱ्यांपाशी पाण्याची टाकी होती. तिथे पाय धुवायचे आणि ओल्या पायांनीच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसायचं. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी झालेली असायची. खालच्या वाडीतला एक मुलगा दोन्ही तळव्यांना मेंदी लावून आला होता, आठवतंय? ‘नवरी आली, नवरी आली’ करून आपण त्याला रडवलं होतं. बिचाऱ्याच्या आजीने औषध म्हणून मेंदी वाटून लावली होती. त्या आजीचं फारसं चुकलं नव्हतं, त्याविषयी पुढे सांगते.

आधी एक घोटाळा सोडवू. चिखल्या या एका शब्दात आपण दोन निराळ्या गोष्टी भरतो. दिवसभर भातखाचरात उभं राहिलं की पायाची कातडी पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि सोलते. ही झाली नुसती भिजलेली कातडी. एक-दोन दिवस पाय कोरडे राहिले की ती आपोआप भरून येते. पण पाय कोरडे झालेच नाहीत, तर त्या मऊ कातडीत बुरशी शिरते. मग पाऊस संपला तरी चिखल्या जात नाहीत. ही दुसरी गोष्ट म्हणजे पायाचा नायटा. इंग्रजीत तिला ‘अ‍ॅथलीट्स फूट’, खेळाडूचा पाय, म्हणतात. खेळाडूचा एवढ्याचसाठी, की तो दिवसभर घामट बुटात असतो. आज इथे बसलेल्यांपैकी फार थोडे जण लावणीला उतरतात. बाकीच्यांच्या चिखल्यांना चिखल लागतच नाही, त्यांचं खाचर बुटाच्या आत असतं.

ही बुरशी खाते काय? आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. केस, नखं आणि हा थर ज्या पदार्थाचे बनलेले आहेत, त्याला केराटिन म्हणतात. ही बुरशी केराटिनवर जगते. पायाला बहुतेक वेळा ‘ट्रायकोफायटॉन रुब्रम’ नावाची बुरशी असते. तिला ऊब, ओल आणि अंधार लागतो, आणि बंद बूट तिन्ही पुरवतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यातल्या बेचक्यात ती बहुधा पहिली येते, कारण ही दोन बोटं एकमेकांना सर्वांत घट्ट चिकटलेली असतात. तिथे वारा लागत नाही.

बोटांमधला प्रकार ओळखायला सोपा आहे. पांढरी ओलसर कातडी, चीर, वास आणि मोजे काढल्यावर सुटणारी ती खाज, जी खाजवताना बरी वाटते आणि नंतर झोंबते. दुसरा प्रकार मात्र फसवा आहे. त्यात तळवा आणि टाचेच्या कडा कोरड्या, जाड होतात आणि रेघांमध्ये पीठ भरल्यासारखा पांढरा कोंडा दिसतो. खाज जवळजवळ नसते. माणूस म्हणतो, ‘टाचांना भेगा पडल्यात, वय झालं.’ वर्षानुवर्षं तेल चोळत राहतो. तोवर बुरशी नखांत शिरते, नखं पिवळट, जाड आणि भुसभुशीत होतात. अशा माणसाच्या हाताचे तळवेही मी पाहते. दोन्ही पाय आणि एकच हात, अशी जोडी पुष्कळदा सापडते, कारण ज्या हाताने पाय खाजवतो त्यालाच ती लागते. तिसऱ्या प्रकारात तळव्याच्या कमानीवर पाण्याचे बारीक फोड येतात, पण तो कमी दिसतो.

आणि हेही सांगते, की बेचक्यातलं प्रत्येक पांढरं म्हणजे बुरशी नव्हे. काही वेळा तिथे जिवाणू असतात, काही वेळा दोन बोटांच्या घर्षणाने आलेलं मऊ कुरूप असतं. शंका असली की आम्ही कातडीचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. बुरशी असली तर तिचे धागे दिसतात. तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही, आणि तरीही ती फार कमी केली जाते.

खाचराचा आणि पायाचा संबंध किती मोठा आहे याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. व्हिएतनामच्या युद्धात मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात अमेरिकन सैनिक दिवसचे दिवस भातखाचरांतून आणि कालव्यांतून चालत होते. तिथे पायाच्या विकारांनी माणसं इतकी आजारी पडू लागली, की लष्कराला त्यावर डॉक्टरांची पथकं नेमून अभ्यास करावा लागला. अखेर १९६८ च्या सुमारास तिथल्या एका डिव्हिजनने नियमच केला : पाण्यात ४८ तासांची मोहीम झाली, की २४ तास पाय कोरडे करायला विश्रांती. बंदुका, हेलिकॉप्टरं सगळं होतं, पण उपाय कोणता सापडला, तर पाय वाळवा. आपल्याकडे पायधुणं हा संस्कार आहे. बाहेरून आलं की पाय धुवा, देवळात जाताना धुवा, जेवायला बसताना धुवा. पण बोटांची बेचकी पुसायला आपल्याला कोणी शिकवलं नाही. ओले पाय तसेच चपलेत किंवा मोज्यात जातात.

आता मूळ मुद्द्यावर येते, हा विषय मी का घेतला त्यावर. आपल्या वर्गातला एक मित्र आज इथे बसला आहे. त्याला विचारून हे सांगते आहे. त्याची अट एकच होती, नाव घ्यायचं नाही. ‘करंगळी कुठल्या पायाची ते मात्र सांग,’ असंही म्हणाला. डाव्या पायाची.

तो मुंबईला कारखान्यात होता. बारा-बारा तास सेफ्टी शूज. काही वर्षांपूर्वी त्याच्या पुतण्याच्या लग्नात भेटलो. पंगतीत माझ्या समोरच बसला होता. भात वाढून झाल्यावर जरा वाकून म्हणाला, ‘अगं, पायाच्या बोटांत सारखी खाज येते. काय लावू?’ माझं लक्ष दुसरीकडे होतं. हसत म्हटलं, ‘चिखल्या असतील. मेडिकलमधून बुरशीचं एखादं क्रीम घे, जाईल.’ आणि मी मठ्ठा मागितला.

त्याने माझं ऐकलं. दुकानात जाऊन चिखल्यांचं क्रीम मागितलं आणि दुकानदाराने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली. आठवड्याने परत आली. परत ट्यूब, परत आराम. असं दीड वर्ष चाललं. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, जिवाणूंचं होतं आणि त्यांच्या जोडीला एक तीव्र स्टेरॉइडही होतं. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला, जांघेत अवधाण आलं, आणि सकाळी डावा पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजला. रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, की त्याला मधुमेह आहे, आणि तो काही आजकालचा नाही. पाय वाचला. करंगळी काळी पडली होती, ती काढावी लागली.

मी भेटायला गेले तेव्हा पाय बघायला पांघरूण बाजूला करू लागले, तर हा पाय मागे घेतो. ‘तू नको हात लावू पायाला, बरं नाही दिसत.’ इतक्या वर्षांनी, त्या अवस्थेतही! मी म्हटलं, ‘अरे, मला आधी दाखवलं का नाहीस?’ तो म्हणाला, ‘तू सांगितलंस तेच लावत होतो ना.’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्या पंगतीत दोन प्रश्न विचारायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं : पाय दाखव बघू, आणि साखर तपासली आहेस का? मी ते विचारले नाहीत. तेव्हापासून लग्नात, गाडीत, देवळाबाहेर कोणी काही विचारलं, की मी नुसतं औषधाचं नाव सांगत नाही. काही नातेवाईक त्यामुळे रागावले आहेत.

आता त्या ट्यूबविषयी. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, त्वचेच्या अनेक विकारांत आम्ही ते वापरतो. पण शरीर बुरशीशी लढताना जी लाली आणि खाज निर्माण करतं, ती लढाईच स्टेरॉइड थांबवतं. तुम्हाला वाटतं, बरं झालं. बुरशी मात्र निर्धास्त पसरते, तिचं नेहमीचं रूपही बदलतं आणि मग डॉक्टरलाही ओळखताना अडचण येते. कातडी पातळ होते. जांघेत लावलं तर कायमचे पट्टे उमटतात. म्हणून घरी गेल्यावर तुमच्या कपाटातली ट्यूब काढा आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेलं दिसलं, तर ते चिखल्यांसाठी स्वतःच्या मनाने लावायचं औषध नव्हे. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. प्रत्यक्षात ती कशी मिळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या सवयीचा फटका आता साऱ्या देशाला बसतो आहे. पूर्वी दोन आठवड्यांत जाणारा नायटा हल्ली महिनोन् महिने जात नाही. नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारी एक बुरशी वेगळी ओळखली गेली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला नाव दिलं ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. नावातला ‘इंडो’ म्हणजे आपणच. ती पायापेक्षा जांघेत आणि अंगावर अधिक दिसते, पण घरात एकाला झाली की टॉवेल-चादरीतून सगळ्यांना होते. अर्धवट उपचार आणि स्टेरॉइडची मिश्रणं यांचा तिच्या फैलावात मोठा हात आहे, असं आम्हा त्वचारोगवाल्यांना वाटतं.

मग योग्य उपचार काय? बोटांमधल्या साध्या चिखल्यांना नुसतं बुरशीचं मलम पुरतं. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोल, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून, पातळ थर लावायचा आणि जिथे दिसतं त्याच्या दोन बोटं पलीकडेपर्यंत लावायचा. औषधाप्रमाणे दोन ते चार आठवडे लागतात. सगळे चुकतात ते इथे : खाज थांबली की औषध थांबवतात. खाज गेली तरी बुरशी गेलेली नसते. कातडी स्वच्छ दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे लावा. बेचकी फार ओली, पाझरणारी असेल तर आधी ती सुकवावी लागते, त्यासाठी डॉक्टरांकडे या. तळव्याच्या जाड प्रकाराला आणि नखांना बहुधा गोळ्या लागतात. पायाच्या नखाला साधारण तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि नवं नख पूर्ण वाढायला वर्ष-दीड वर्ष जातं. सर, बाई, तुमच्यासाठी खास सांगते : या गोळ्यांआधी यकृताची तपासणी करतात, आणि त्यांतल्या काही गोळ्या हृदयाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या औषधांशी जुळत नाहीत. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घ्यायची नाही. आणि नख नुसतं जाड आहे, म्हणजे बुरशीच आहे असंही नाही.

आता त्या आजीची मेंदी. मेंदीला रंग देणारं जे द्रव्य आहे, लॉसोन, ते बुरशीची वाढ रोखतं हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. शिवाय लेप वाळताना ओल शोषतो. त्यामुळे भिजलेल्या पायांना ताज्या पाल्याची मेंदी लावायला माझी हरकत नाही. बाजारातल्या काळ्या मेंदीच्या कोनात रसायनं असतात, ती नकोत. आणि मुरलेली बुरशी मेंदीने जाणार नाही. कोकमाचं तेल टाचेच्या भेगांना उत्तम. पण बोटांच्या बेचक्यात कुठलंच तेल घालू नका, तिथे ओल टिकून राहते. बिब्बा, चुना, रॉकेल यांनी भाजलेले पाय मी इतके पाहिले आहेत, की त्यावर बोलायला लागले तर जेवण खरंच थंड होईल.

ज्यांना मधुमेह आहे, आणि या वयात आपल्यात ते बरेच असणार, त्यांनी आता नीट ऐका. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. चीर पडली तरी दुखत नाही, म्हणून कळत नाही. बेचक्यातल्या त्या बारीक चिरेतून जिवाणू आत शिरतात. मधुमेह नसलेल्यांनाही पाय सुजण्याचं हे एक मोठं कारण आहे, पण साखर असली की प्रकरण लवकर हाताबाहेर जातं. रोज रात्री झोपण्यापूर्वी पाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर घरच्यांना सांगा. एकेक बेचकं उघडून बघायचं. लाली वर चढते आहे, पाय गरम लागतो आहे, पू, ताप, अवधाण, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि आपल्या भागात पावसाळ्यात पायाच्या चिरांतून लेप्टोचे जंतूही शिरतात. पायाला चिरा असताना गढूळ पाण्यात उतरायचंच असेल, तर गमबूट घाला आणि घरी आल्यावर तेही उलटे करून वाळवा.

बाकी काळजी साधी आहे. अंग पुसायचा आणि पायाचा टॉवेल वेगळा. जांघेत नायटा असेल किंवा होऊ द्यायचा नसेल, तर कपडे घालताना मोजे आधी, चड्डी नंतर, म्हणजे पायाची बुरशी कपड्यासोबत वर जात नाही. हसा, पण करा. मोजे रोज बदला, घाम फार येत असेल तर दुपारी पुन्हा. धुताना कडकडीत पाण्यात भिजवा, कोमट पाण्यात ही बुरशी मरत नाही. शक्य असेल तर बुटांचे दोन जोड ठेवा. एकाच्या आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्याला एक दिवस सुट्टी द्या. शनिवारच्या कवायतीचे आपले पांढरे कॅनव्हासचे बूट आठवा. आई ते चुलीशेजारी ठेवायची, ते बाहेरून वाळायचे आणि आतून ओलेच असायचे. ते घालून आपण ताठ उभे राहायचो, कारण खडू लावलेले बूट पांढरे दिसले की सर खूश असायचे. सर, आता चाळीस वर्षांनी कबूल करते, माझ्या पहिल्या चिखल्या त्या बुटांतल्या.

वेळ संपत आली आहे. जेवणानंतर मी नववी ‘ब’च्या वर्गात बसणार आहे, खिडकीकडच्या पहिल्या बाकावर. ग्लुकोमीटर आणला आहे, भिंग आणि बॅटरीही आणली आहे. ज्यांना पाय दाखवायचे आहेत त्यांनी यावं, मोजे दारातच काढावेत. सर, बाई, तुम्ही खुर्चीवर बसायचं, मी जमिनीवर बसेन, ‘पायाला हात लावू नकोस’ हे आज ऐकणार नाही. घरून कोणी ट्यूब आणली असेल तर ती घेऊन या, तिच्यावरची अक्षरं आपण मिळून वाचू. आपला करंगळीवाला मित्र दारात बसून नंबर लावणार आहे, त्याने स्वतःच तसं सांगितलं आहे.